स्पोर्ट्‌स कारला ऑटोमॅटिकचा सल्ला सरसकट नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सणासुदीच्या वाहनखरेदीनिमित्त आलेल्या लेखात ‘मुंबईकराने यापुढे कोणतीही गाडी घेताना ऑटोमॅटिकच घ्यावी’ असा सल्ला देण्यात आला आहे. कचेरीत जाण्या-येण्याच्या गाडीपुरता तो बिनतोड आहे आणि त्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. मात्र लेखाच्या उत्तरार्धात स्पोर्ट्‌स कारचाही उल्लेख येतो आणि तिलाही तोच नियम लावला जातो, हे मला पटले नाही. नेमका हाच सल्ला, जवळजवळ याच शब्दांत, काही वर्षांपूर्वी मलाही मिळाला होता. तो मानून मी परदेशी बनावटीची, दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी एक जुनी गाडी आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये घेतली. तशीच गाडी साधारण त्याच किमतीत मॅन्युअलमध्येही, म्हणजे क्लच दाबून हाताने गिअर टाकायच्या प्रकारातही, मिळत होती. गाडीत दोष कोणताही नाही आणि ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याविषयी तक्रारही नाही. तरीही त्या निवडीचा मला पश्चात्ताप होतो, आणि तो का होतो हे जरा सविस्तर सांगितल्यास अशा खरेदीच्या तयारीत असलेल्या एखाद्या वाचकाच्या उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ऑटोमॅटिकचा सल्ला देणाऱ्यांचा सगळा भर कोंडीवर असतो. संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर अंधेरी ते गोरेगाव एवढे अंतर कापताना किंवा साकीनाक्याच्या चौकात अडकून पडल्यावर क्लच दाबून दाबून डावा गुडघा भरून येतो, हे कोणी नाकारणार नाही. त्यातून जास्त ताकदीच्या इंजिनाचा क्लच साध्या गाडीपेक्षा जड असतो, हेही खरे. पण मुळात स्पोर्ट्‌स कार या कोंडीत असते का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या ओळखीत ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांपैकी बहुतेक जण कामाला लोकलने, मेट्रोने किंवा घरातल्या दुसऱ्या गाडीने जातात. कारण उघड आहे. जमिनीपासून चार बोटे वर असलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगच्या चढावरून बाहेर काढतानाच पुढचा बंपर घासेल की काय या चिंतेने जीव टांगणीला लागतो. गल्लोगल्लीचे गतिरोधक तिरके होऊन ओलांडावे लागतात. आणि पावसाळ्याचे चार महिने हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी तुंबणारी ठिकाणे आठवली तरी गाडीवरचे कव्हर काढायची इच्छा होत नाही. म्हणजे ज्या कोंडीच्या भीतीने आपण गिअरबॉक्स निवडतो, त्या कोंडीत ती गाडी फारशी कधी जातच नाही. आठवडाभर ती कव्हराखाली उभी असते आणि रविवारी उजाडताना, रस्ते मोकळे असताना, बाहेर निघते. गाडी कोणत्या तासांसाठी घेतली आहे हे विसरून ती कोणत्या तासांत अडकू शकते याचा हिशेब करणे, ही या सल्ल्यातली पहिली गफलत आहे.

दुसरी गफलत अधिक खोल आहे आणि मला वाटते तिच्यावरच थोडे थांबायला हवे. रविवारी पहाटे मुंबईकराला कोणते रस्ते मिळतात? वरळीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतचा सागरी किनारा मार्ग, सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, अटल सेतू आणि तेथून पुढे पुण्याचा द्रुतगती मार्ग. किनारा मार्गावर सरळ पट्ट्यात वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे, बोगद्यात 60 आहे आणि वळणांवर त्याहून कमी. अटल सेतूवर आणि द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात चारचाकीला 100 आहे, घाटात ती बरीच खाली येते. कॅमेरे सर्वत्र आहेत आणि ते असायलाच हवेत, कारण या शहरात मोकळ्या रस्त्यावर मस्तवाल गाड्यांनी जीव घेतल्याच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्या आहेत. आता आजची एखादी चांगली स्पोर्ट्‌स कार घ्या. शून्यापासून शंभराचा वेग ती साडेतीन-चार सेकंदांत गाठते. किनारा मार्गाची मर्यादा गाठायला तिला तीन सेकंदांच्या आसपास पुरतात. त्यानंतर चालकाने काय करायचे? ऑटोमॅटिकमध्ये उत्तर सोपे आहे: काही नाही. गिअरबॉक्स आपणहून वरच्या गिअरमध्ये जातो, इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर सुस्तावते आणि लाखो रुपये मोजून घेतलेली गाडी एखाद्या शांत सेडानसारखी समुद्राच्या कडेने चालू लागते. फरक एवढाच की सेडानची आसने जास्त मऊ असतात.

मॅन्युअलमध्ये याच मर्यादेत राहून करण्यासारखे खूप असते. ज्याच्यापुढे वेगाला मर्यादाच नाही अशा जर्मन हमरस्त्यावरच्या माणसाला ऑटोमॅटिक परवडेल. आपल्याला वेग मिळणार नसेल तर गाडी हाताळण्याची कृती हाच आपल्या वाट्याचा आनंद आहे, आणि मी नेमकी तीच कृती पैसे देऊन काढून टाकली. वळणाच्या आधी ब्रेकवर पाय असतानाच टाचेने ॲक्सिलरेटरला हलका टोला देऊन इंजिनाच्या फेऱ्या वाढवायच्या, तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचे आणि क्लच सोडताना गाडीने जराही हिसका न देता वळण उचलायचे, यात चाळीसचा वेगही पुरतो. ते कधी जमते, कधी नाही. जमले तर कोणाला कळतही नाही, शेजारी बसलेल्यालाही नाही. पण चालवणाऱ्याला कळते. वडिलांच्या पद्मिनीवर, स्टिअरिंगच्या दांड्याला असलेल्या गिअरवर ज्यांनी गाडी शिकली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्याच पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत याच मुंबईच्या कोंडीत हाताने गिअर टाकत धावत होत्या, हेही जाता जाता नमूद करतो.

‘पण आता पॅडल असतात ना?’ असे शोरूममध्ये सांगितले जाते. मलाही ते पुरेसे वाटले होते. स्टिअरिंगमागची ही दोन पाती म्हणजे प्रत्यक्षात विनंतीअर्ज आहे. आपण उजवे पाते ओढले की गिअर वाढवावा, डावे ओढले की कमी करावा अशी विनंती संगणकाकडे जाते. ती केव्हा मान्य करायची हे तो ठरवतो. फेऱ्या जास्त वाटल्या तर खालचा गिअर तो नाकारतो. अनेक गाड्यांत मॅन्युअल मोड लावलेला असतानाही फेऱ्या कमाल मर्यादेला पोहोचल्या की गिअर आपोआप वर टाकला जातो, आणि काही क्षण पाते हलवले नाही तर गाडी निमूटपणे पुन्हा ‘डी’मध्ये, म्हणजे गिअर आपणहून बदलण्याच्या स्थितीत, येते. माळशेजच्या एखाद्या वळणावर बाहेर पडताना नेमका जेव्हा दुसरा गिअर हवा असतो तेव्हा तिसरा पडलेला सापडतो. अपघात होत नाही, गाडी नीट वळते, फक्त वळण तुमचे राहत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीची पॅडल मी जवळजवळ वापरेनासा झालो.

यामागे केवळ यंत्राची मर्यादा आहे असेही नाही. धोरणही आहे, आणि त्याबद्दल आपल्या मोटार-स्तंभांत क्वचितच लिहिले जाते. आपल्याकडे गाड्यांचे जे इंधनखपतीचे आकडे जाहिरातीत दिसतात ते एका ठरावीक चाचणीचक्रावर प्रयोगशाळेत मोजलेले असतात. या चक्रात मॅन्युअल गाडीचा गिअर कोणत्या वेगाला बदलायचा ते आधीच ठरवून दिलेले असते, ऑटोमॅटिकला मात्र स्वतःच्या आज्ञावलीप्रमाणे गिअर निवडण्याची मुभा असते. साहजिकच कंपन्या आज्ञावली अशी बेततात की गाडी लवकरात लवकर सर्वांत वरच्या गिअरमध्ये जावी, म्हणजे आकडा चांगला दिसतो. कुटुंबाच्या गाडीत यात वावगे काहीच नाही. पण हीच सवय स्पोर्ट्‌स कारच्या ‘डी’मध्येही उतरते: पन्नास-साठच्या वेगाला पाचवा-सहावा गिअर, आणि पुढच्या ट्रकला ओलांडायला ॲक्सिलरेटर दाबला की एकदम तीन-चार गिअर खाली येण्यासाठी लागणारा तो विचारमग्न क्षण. ‘स्पोर्ट’ मोड लावला तर उलट टोक, कारण मग सिग्नलला उभे राहतानाही इंजिन उगाच गुरगुरत राहते. मधली अवस्था, जी हाताने सहज साधते, ती कोणत्याच बटणावर नाही.

‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात हाही घोळाचाच भाग आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले बंद भांडे असते. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या जोरावर समोरचा पंखा फिरतो. यामुळे गाडी लोण्यासारखी सुटते, पण पाय आणि चाक यांच्यातला थेट दुवा सैल होतो. वेग घेतल्यावर आतला क्लच हे दोन्ही भाग जोडून टाकतो म्हणून आजचे टॉर्क कन्व्हर्टर पूर्वीपेक्षा खूप चांगले आहेत. सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारात गिअरच्या ठरलेल्या पायऱ्याच नसतात, त्याचा स्पोर्ट्‌स कारशी संबंध जवळजवळ नाही. ड्युअल क्लचमध्ये एका क्लचवर विषम आणि दुसऱ्यावर सम गिअर असतात, त्यामुळे पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो आणि बदल डोळ्यांची पापणी लवायच्या आत होतो. यातही कोरड्या क्लचचा आणि तेलात बुडालेल्या क्लचचा असे दोन प्रकार आहेत. कोरड्याला रांगत्या वाहतुकीत सतत अर्ध्या क्लचवर राहावे लागते आणि तो तापतो. म्हणजे ज्या कोंडीसाठी म्हणून ऑटोमॅटिक घ्यायची, त्याच कोंडीत यातला एक प्रकार सर्वांत जास्त कष्टी होतो. शोरूममध्ये यातले किती सांगितले जाते हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे.

चौथा प्रकार एएमटी. साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र. आपल्याकडे 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार घराघरांत पोहोचला आणि त्याचे यंत्र मॅग्नेटी मरेली या इटालियन कंपनीचे होते. गंमत अशी की 1997 मध्ये फेरारीने एफ-355 मध्ये पहिल्यांदा पॅडलवर चालणारा गिअरबॉक्स रस्त्यावरच्या गाडीत दिला, त्यामागेही हीच कंपनी होती. फेरारीने हे तंत्र शर्यतीतून आणले होते. 1989 मध्ये ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नायजेल मॅन्सेलने असा गिअरबॉक्स असलेली फेरारी पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली आणि काही वर्षांत फॉर्म्युला वनच्या सर्व गाड्यांतून हाताचा गिअर गेला. शर्यतीत तो जाणे योग्यच होते, कारण तेथे सेकंदाच्या हजाराव्या भागाला किंमत असते. रविवारी सकाळी लोणावळ्याला नाश्त्याला निघालेल्या माणसाला ती किंमत कशी लागू व्हावी, हे मात्र मला अद्याप उमगलेले नाही. आणि एक विलक्षण गोष्ट म्हणजे त्या काळच्या, दोन्ही पर्यायांत मिळणाऱ्या फेरारींपैकी आज हाताच्या गिअरच्या गाड्या जुन्या बाजारात पॅडलवाल्यांपेक्षा लक्षणीय जास्त किमतीला जातात. नव्या असताना पुष्कळ ग्राहकांनी जी मागितली नाही, तिच्यासाठी आता धावाधाव चालते.

वेगाचा मुद्दा मी टाळत नाही. ऑटोमॅटिक वेगवान आहे, यात वादच नाही. पोर्शच्या 911 जीटी 3 या गाडीच्या 992 पिढीचे, 2021 मध्ये ती आली तेव्हा कंपनीनेच दिलेले आकडे पाहा: ड्युअल क्लचमध्ये शून्य ते शंभर 3.4 सेकंद, मॅन्युअलमध्ये 3.9. इंजिन तेच, 510 अश्वशक्तीचे. मॅन्युअल सतरा किलोंनी हलकी आहे आणि तिचा कमाल वेग ताशी 320 किलोमीटर, म्हणजे दुसरीपेक्षा दोनने जास्त, पण या दोन किलोमीटरांचा आपल्याला उपयोग नाही आणि अर्ध्या सेकंदाचाही नाही. माझ्या ओळखीचे एक तबलावादक इलेक्ट्रॉनिक तबल्याबद्दल म्हणतात की त्याचा ठेका कधी चुकत नाही, आणि म्हणूनच त्याच्याबरोबर गाताना गायक एकटा पडतो. माझ्या गाडीतल्या आठ गिअरांबद्दल मला याहून नेमके सांगता येणार नाही.

हा पश्चात्ताप माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाचा हळवेपणा आहे, असे कोणी म्हणेल. पण ग्राहकांनी तोंड उघडल्यावर मोठमोठ्या कंपन्यांनाही पाऊल मागे घ्यावे लागले आहे. पोर्शने 2013 मध्ये नवी जीटी 3 आणली ती फक्त ड्युअल क्लचमध्ये. चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. 2016 मध्ये कंपनीने सहा गिअरच्या मॅन्युअलची 911 आर काढली, तीही फक्त 991 गाड्या, आणि त्या हातोहात संपून जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी वर गेल्या. पुढच्याच वर्षी जीटी 3 मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला. टोयोटाने 2019 मध्ये नवी सुप्रा आणली तेव्हा तिच्यात केवळ आठ गिअरचे ऑटोमॅटिक होते. 2022 मध्ये त्यांना मॅन्युअल आणावी लागली. आपल्या आवाक्यातले उदाहरण द्यायचे तर ह्युंदाईच्या आय-20 एन लाइनचे देता येईल. 2021 मध्ये ती आली तेव्हा ड्युअल क्लचखेरीज जो पर्याय होता त्यात गिअरची दांडी होती पण क्लचचे पेडलच नव्हते, म्हणजे अर्धेच काम चालकाचे. 2023 मध्ये तो पर्याय जाऊन रीतसर तीन पेडलांचा सहा गिअरचा मॅन्युअल आला. आणि सर्वांत बोलका पुरावा तर विजेच्या गाडीचा आहे. तिला मुळात गिअरांची गरजच नसते, तरीही ह्युंदाईने आयोनिक 5 एन मध्ये आठ गिअरांचा आभास निर्माण करणारी सोय घातली, खोट्या हिसक्यांसह आणि खोट्या आवाजासह. चालकाला गिअर टाकायचा असतो हे कंपन्यांना माहीत आहे. आपल्या शोरूममधल्या विक्रेत्यांपर्यंत ते पोहोचलेले नाही इतकेच.

भारतात पर्याय अगदीच नाहीत असेही नाही. बीएमडब्ल्यूची एम 2 येथे 2023 मध्ये आली ती मॅन्युअलच्या पर्यायासह. उलट 2025 मध्ये आलेली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय केवळ ड्युअल क्लचमध्ये मिळाली, कारण तिची मॅन्युअल आवृत्ती कंपनीने जगभरच बंद केली होती. ज्यांचे अंदाजपत्रक एवढे मोठे नाही त्यांनी जुन्या गाड्यांकडे पाहावे. या शतकाच्या पहिल्या दशकात आलेली स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस पाच गिअरच्या मॅन्युअलमध्येच होती आणि नीट राखलेली एखादी अजूनही मधूनच विकायला निघते. पण ‘मॅन्युअल कोणी मागत नाही’ असे सांगून ग्राहकाला परतवायचे, दाखवायला तशी गाडीच ठेवायची नाही, आणि मग ‘बघा, मागणी नाही’ असे म्हणायचे, हे चक्र थांबायला हवे. माझ्या वेळी टेस्ट ड्राइव्ह वांद्रे-कुर्ला संकुलात दोन सरळ रस्ते आणि एक यू-टर्न एवढीच झाली. त्या रस्त्यावर ऑटोमॅटिक उत्तमच वाटणार. अशी गाडी घेणाऱ्याने निदान खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यापर्यंत गाडी नेण्याचा आग्रह धरावा, आणि विक्रेता नाही म्हणाला तर त्याच प्रकारची गाडी असलेल्या एखाद्या मालकाला विनंती करून शेजारच्या सीटवर तरी बसून यावे.

‘पुढे विकायला सोपी’ हा आणखी एक ठरलेला युक्तिवाद. हॅचबॅक आणि सेडानच्या बाबतीत मुंबईत तो खरा आहे. स्पोर्ट्‌स कारचे गिऱ्हाईक वेगळे असते आणि ते काय शोधते हे वर फेरारीच्या निमित्ताने आलेच आहे. शिवाय ही चूक दुरुस्त करणे फार महाग पडते. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवणे म्हणजे पेडलांपासून संगणकापर्यंत गाडी अर्धी उघडणे, आणि मूळ रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. राहिला मार्ग तो ही गाडी विकून दुसरी घेण्याचा. ती नवी असेल तर वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात वैयक्तिक नोंदणीवर एकरकमी कर तेरा टक्क्यांच्या घरात जातो, विमा वेगळा आणि घसारा वेगळा. म्हणूनच हा प्रश्न बुकिंगच्या आधी, आणि मुख्य म्हणजे गाडीच्या रंगाचा विषय निघण्याच्या आधी, निकालात काढावा.

ज्यांच्याकडे माझ्यासारखीच ऑटोमॅटिक आधीच आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिचा संबंध सुरक्षिततेशी आहे. बोरघाट किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना अनेक जण गाडी ‘डी’मध्येच ठेवतात आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात. मॅन्युअल चालवणारा सवयीने दुसऱ्या-तिसऱ्यात येतो आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरते. ऑटोमॅटिकमध्ये वरचा गिअर पडलेला राहिला की ही मदत फारच थोडी मिळते आणि ब्रेक तापून त्यांची पकड कमी होऊ लागते. उताराच्या तोंडाशीच मॅन्युअल मोडमध्ये येऊन गिअर खाली घ्यावा आणि तो तिथेच धरून ठेवावा. पॅडलचा मला मिळालेला खरा उपयोग एवढाच. घाट उतरताना मात्र त्यांचा आधार वाटतो हे मान्य करतो.

ऑटोमॅटिक स्पोर्ट्‌स कार कोणीच घेऊ नये, असा माझा आग्रह नाही. ज्यांचा गुडघा किंवा कंबर क्लचला साथ देत नाही त्यांनी ती घ्यावी आणि मनात किंतु ठेवू नये. घरात एकच गाडी असेल आणि तीच रोज ठाणे ते लोअर परळ न्यायची असेल, किंवा पतिपत्नींपैकी एकाने मॅन्युअल कधी चालवलेलीच नसेल, तर निवड आपोआप ठरते. ट्रॅकवर जाऊन घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यांना ड्युअल क्लचच हवा. माझे म्हणणे उरलेल्यांपुरते आहे, आणि मुंबईत दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणून केवळ हौसेने स्पोर्ट्‌स कार घेणारे बहुतेक या उरलेल्यांतच मोडतात.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. स्पोर्ट्‌स कारचे परीक्षण छापताना त्यात चालवलेली गाडी कोणत्या प्रकारच्या गिअरबॉक्सची होती, तिच्यात पॅडलने निवडलेला गिअर संगणक कुठवर टिकू देतो, आणि भारतात तीच गाडी मॅन्युअलमध्ये मागवता येते की नाही, एवढी माहिती परीक्षकांनी अवश्य द्यावी. शून्य ते शंभरचा आकडा प्रत्येक परीक्षणात असतोच. त्यातला एखादा परिच्छेद कमी करून ही माहिती दिली तरी चालेल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई